गौरी गेल्या की निघ, घट बसायच्या आत ये

दिवस पहिला

“गौरी गेल्या की निघ आणि घट बसायच्या आत ये,” सासूबाई म्हणाल्या. परवानगी आणि परतीची तारीख एकाच वाक्यात मिळाली. मधले वीस दिवस माझे.

त्याआधी महिनाभर घरात या वीस दिवसांचा कीस पाडून झाला होता. जुलैत एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. तो आता हिमाचलातल्या लाहौलमध्ये, चंद्रा नदीच्या खोऱ्यात, हिमनद्या मोजतो. “बाई, सप्टेंबरात वरच्या कुटीत नोंदी घ्यायला माणूस हवंय. आमच्यातल्या एकाचा पाय मोडलाय. मानधन नाही, जाण्यायेण्याचा खर्च निघेल. तुमचे गुडघे कसे आहेत?”

गुडघे बरे होते. अडचण वेगळीच होती. बावीस वर्षं मी अकरावी-बारावीला भूगोल शिकवते. हिमगव्हर, शुककूट, गिरिशृंग, मेषशिला, लोंबती दरी हे शब्द फळ्यावर इतक्यांदा लिहिलेत की हिमगव्हराची आकृती डोळे मिटून काढेन. आणि आयुष्यात प्रत्यक्ष पाहिलेला बर्फ कुठला, तर रसवंतीतला. लाकडी भुसा झटकून गोणपाटात फोडलेला. हे त्या पोराला सांगितलं नाही. सरळ हो म्हटलं.

रजेच्या अर्जावर ‘कारण’ या रकान्यात ‘हिमनदी’ लिहिलं. तो अर्ज दोनदा परत आला. तिसऱ्यांदा ‘घरगुती’ लिहिलं, लगेच मंजूर.

फ्रिजवर यादी चिकटवली : गॅस, दूधवाला, आईंच्या गोळ्या सकाळच्या आणि रात्रीच्या, सासऱ्यांची पितृपक्षातली तिथी, गुरुजींचा नंबर. यादी दोन पानांची झाली. नवरा म्हणाला, “ही मोहीम तुझी आहे की आमची?”

निघताना सासूबाईंनी गुलाबपाण्याची रिकामी काचेची बाटली हातात ठेवली. त्यांनी एकोणीस वाऱ्या पायी केल्यात. पालखी आमच्या फलटणात मुक्कामाला असते त्या रात्री त्या आजही झोपत नाहीत. नदीचं नाव चंद्रा म्हटल्यापासून त्यांच्या डोक्यात एकच होतं. मी शिक्षिकेच्या आवाजात खुलासा केला, की पंढरपूरची चंद्रभागा म्हणजे भीमाच, गावापाशी चंद्रकोरीसारखी वळते म्हणून ते नाव. आणि तिकडे बारालाचा खिंडीच्या एका अंगाने चंद्रा निघते, दुसऱ्या अंगाने भागा. तांदीला दोघी भेटतात, तेव्हा चंद्रभागा होते आणि पुढे तिलाच चिनाब म्हणतात. म्हणजे दोन्हींचा काहीएक संबंध नाही.

“नाव एकच ना?”

“हो.”

“मग भरून आण.”

बाटली लोकरी मोज्यात घालून सॅकच्या मधोमध ठेवली. संध्याकाळी पुण्याहून झेलम एक्स्प्रेस. झेलमही पुढे चिनाबलाच मिळते हे आठवलं, पण गाडीत सांगायला कोणी नव्हतं.

दिवस दुसरा ते चौथा

रेल्वे, दिल्ली, रात्रीची बस, मनाली. या प्रवासावर लोकांनी पुष्कळ लिहिलंय, मी भर घालत नाही. एवढंच नोंदवते, की तिसऱ्या रात्री घाटातल्या वळणांवर बस झोके घेत होती, तेव्हा मला अचानक आठवलं, कुकरची जादाची रिंग कुठे ठेवलीय ते यादीत राहिलं. फोन काढला. रात्रीचे दोन वाजले होते. परत ठेवला.

दिवस पाचवा

मनालीत सामान बांधणी. आमच्या तुकडीत पाच जण : माझा विद्यार्थी, त्याच्याबरोबर पीएचडी करणारी दोन पोरं (एक मुलगी गढवालची, एक मुलगा केरळचा), मी, आणि लाहौलचे एक पन्नाशीचे गृहस्थ. त्यांना सगळे भाईजी म्हणतात. भाईजी दर हंगामात कुटी उघडतात आणि बंद करतात. गॅस-स्टोव्हपासून नदी ओलांडायच्या झुल्यापर्यंत सगळं त्यांच्या हातात. विद्यार्थी संशोधन करतो, पण तळ भाईजी चालवतात हे पहिल्या तासात कळलं.

सामान बघून माझी कल्पना जरा बदलली. मला वाटलं होतं उपकरणं असतील. होती, पण दोन पेट्या. बाकी सगळं वाणसामान. तांदूळ, तूरडाळ, राजमा, कांदे, बटाटे, दोन मोठे कुकर, रॉकेलचे कॅन, बादल्या, तारा, खिळे, सुतळी, आणि जीपच्या टपावर दोन-दोन मीटरच्या बांबूंचे भारे. गुढीच्या काठ्या असाव्यात तशा.

“हे कशाला रे?”

“हेच तर उपकरण, बाई.”

दिवस सहावा

अटल बोगदा 9.02 किलोमीटर लांब. 2020 च्या ऑक्टोबरात तो खुला झाला. त्याआधी रोहतांगची 3,978 मीटरची खिंड चढून उतरावी लागे आणि हिवाळ्यात लाहौल उरलेल्या देशापासून तुटायचं. भाईजींनी त्या काळातल्या दोन गोष्टी सांगितल्या. दोन्ही बाळंतपणाच्या होत्या आणि दोन्हींचा शेवट चांगला नव्हता. बोगद्यात शिरताना काचेवर पाऊस होता. दहा-बारा मिनिटांनी पलीकडे निघालो तर निळंभोर आभाळ, कोरडे तपकिरी डोंगर. पर्जन्यछायेचा प्रदेश शिकवताना मी महाबळेश्वर आणि वाईचं उदाहरण देते. तिथे तो फरक दिसायला घाट उतरावा लागतो. इथे एका बाजूने आत शिरा, दुसऱ्या बाजूने बाहेर पडा, झालं.

कोकसरनंतर फोनचं नेटवर्क गेलं. ग्रामफूला काझाचा फाटा फुटतो आणि तिथून डांबरही सोडून जातं. पुढे जे आहे त्याला रस्ता म्हणणं हा ड्रायव्हरच्या कौशल्याचा गौरव आहे. वाटेत नाले. दुपारनंतर वरचं बर्फ वितळून नाल्यांना पाणी चढतं, म्हणून ते सकाळी ओलांडायचे. आम्ही उशिरा निघालो होतो. एका नाल्यात जीप मधोमध थांबली, पाणी दाराच्या खालच्या कडेला लागलं, आणि मागच्या सीटवरून केरळचा मुलगा शांतपणे म्हणाला, “सर, बांबू तरंगतात.” कोणीच हसलं नाही. मग जीप हलली आणि सगळेच हसलो.

मुक्काम छत्रूला, साधारण 3,300 मीटर. भाद्रपदातली पौर्णिमा होती. चंद्रा नदीवर चंद्र, असं काहीतरी लिहावं असं वाटलं. पण डोकं इतकं ठणकत होतं की बाहेर जाऊन बघितलंच नाही.

दिवस सातवा

छत्रूलाच. 3,000 मीटरच्या वर गेलं की झोपायची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असा नियम आहे. इथले मुक्काम त्या नियमाच्या सोयीने बांधलेले नाहीत, म्हणून एका ठिकाणी दोन रात्री काढायच्या. काम काही नाही. पाणी प्यायचं, हळू चालायचं, दगडावर बसायचं. घरी मी एवढा वेळ कधी बसले असेन, आठवत नाही. मुलाच्या वेळी बहुतेक, आणि तेव्हाही पाळणा हलवत होते.

दिवस आठवा

छोटा दड्याच्या पुढे जीपने आम्हाला नदीकाठी सोडलं. पलीकडे जायला लोखंडी तार आणि तिला टांगलेला पाळणा. एका वेळी एक माणूस किंवा एक बोजा. भाईजींनी आधी तांदूळ पाठवला, मग बांबू, मग मला. मधोमध पाळणा जरा थांबतो, कारण तार तिथे झोळते आणि पुढे ओढून घ्यावं लागतं. खाली चंद्रा होती. राखाडी, गढूळ, सिमेंट कालवल्यासारखी. तळाशी दगड घरंगळत असावेत. त्यांचा घडघडाट पाळण्यात बसूनही अंगाला जाणवत होता. पाणी वाहतंय असं वाटतच नव्हतं, डोंगर वाहतोय असं वाटत होतं.

तिथून तीन तास चढ. तरणी पोरं दीड तासात पोचली.

कुटी म्हणजे दगडी जोत्यावर पत्र्याच्या दोन खोल्या. एकीत स्वयंपाक आणि उपकरणं, दुसरीत पाच फळ्या झोपायला. मागे आडोसा करून खड्डा. दारात उभं राहिलं की समोर हिमनदी, तिच्या तोंडातून निघणारा ओढा, आणि दोन्ही अंगांना हिमोढाच्या, म्हणजे बर्फाने लोटत आणलेल्या दगडमातीच्या, भिंती. हिमनदी लहान आहे, नकाशात तिला नाव नाही, नुसता क्रमांक. खोऱ्यातली नावाजलेली म्हणजे बडा शिग्री. सुमारे 27 किलोमीटर लांब. शिग्री म्हणजेच हिमनदी, तर ही थोरली. आमची तिच्यापुढे गल्लीतली.

पहिली नजर पडली तेव्हा माझ्या मनात आलेला विचार प्रामाणिकपणे लिहिते : हे घाण आहे. फळ्यावर मी हिमनदी नेहमी निळ्या-पांढऱ्या खडूने काढत आले. ही करडी, मातकट, खडीने झाकलेली, तडे गेलेली. पावसाळ्यानंतरच्या बांधकामाच्या जागेसारखी. बर्फ शोधावा लागत होता.

रात्री बोटाला लावायच्या चिमट्याने माझा ऑक्सिजन 84 दाखवला. फलटणला एवढा दिसला असता तर रुग्णवाहिका आली असती. इथे विद्यार्थी म्हणाला, “छान आहे, बाई. झोपा.” झोप लागली की मध्येच श्वास थांबल्यासारखा होतो आणि मग चार-पाच श्वास धापा टाकल्यासारखे येतात. उंचीवर असं होतं हे मला माहीत होतं. माहीत असल्याचा काही उपयोग झाला नाही.

दिवस नववा

कामाची वाटणी भिंतीवर. पाणी, स्वयंपाक, भांडी, वीज (म्हणजे सौर पॅनेल पुसणं आणि बॅटरी रात्री गोधडीत गुंडाळणं), नोंदी. रोज चक्र फिरतं. माझ्या नावावर आज पाणी होतं.

पाण्याचं असं आहे. ओढ्याचं पाणी सकाळी कमी आणि त्यातल्या त्यात निवळ, दुपारनंतर फुगून गढूळ. पहाटे आणायचं, बादलीत झाकून ठेवायचं, संध्याकाळी वरचं वरचं काढून घ्यायचं. तळाला बोटभर राखाडी गाळ उरतो. बोटांवर घेतला तर खरखर लागत नाही, टाल्कम पावडरसारखा. प्यायला वेगळा झरा आहे, दहा मिनिटं चढून. वीस लिटरचा कॅन पाठीवर घेऊन ती दहा मिनिटं चाळीस होतात.

दुसऱ्या खेपेला मी खाली बसले आणि हिशेब केला. पाणी भर, डाळ भिजत घाल, भांडी घास, बादली झाक, रात्री दार नीट लागलंय का बघ. घरातून बावीसशे किलोमीटर लांब येऊन मी घरकामच करत होते. एकच फरक. इथे कोणी मला काही विचारत नव्हतं. मीठ कुठे आहे ते ज्याचं त्याने शोधलं. आज स्वयंपाक केरळच्या मुलाचा होता. राजमा कच्चा राहिला. 4,000 मीटरच्या आसपास पाणी 87 अंशांनाच उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ-राजमा शिजायचं नाव घेत नाही, आणि त्याने कुकरच्या शिट्ट्या समुद्रकाठच्या हिशेबाने मोजल्या होत्या. माझ्या जिभेवर “अरे, अजून चार घे” आलं होतं. गिळलं. कच्चा राजमाही गिळला. नंतर रात्रभर पोट धरून बसल्यावर ठरवलं, एवढं मौनही बरं नाही.

दिवस दहावा

आज बांबू.

पद्धत अशी. जूनमध्ये वाफेच्या ड्रिलने बर्फात आठ-दहा मीटर खोल भोक पाडतात. एक छोटा बॉयलर, एक लांब नळी, टोकाला तोटी. वाफ बर्फ वितळवत खाली जाते. त्या भोकात बांबूच्या काठ्या एकीला एक जोडून सोडतात. वरचा बर्फ वितळत जातो तशी काठी उघडी पडत जाते. किती उघडी पडली ते टेपने मोजायचं. संपलं. उपग्रह, रडार, ड्रोन सगळं या शास्त्रात आहे, पण शेवटी कोणीतरी काठीपाशी जाऊन टेप लावावा लागतो. त्याशिवाय बाकीच्यांच्या आकड्यांना ताळा मिळत नाही.

हिमनदीचा जमाखर्च 1 ऑक्टोबरला सुरू होतो आणि 30 सप्टेंबरला बंद होतो. आपल्याकडे व्यापाऱ्याची वही दिवाळीच्या पाडव्याला बदलते तसं. वरच्या भागात हिवाळ्यात बर्फ पडतो तो जमा. खालच्या भागात उन्हाळ्यात वितळतो तो खर्च. म्हणून सप्टेंबर अखेरची मोजणी चुकवून चालत नाही.

पहिली काठी मोकळ्या बर्फावरची. मी वही घेऊन उभी. विद्यार्थ्याने टेप लावला.

“तीन मीटर चाळीस.”

मी लिहिलं. मग वर बघितलं. काठीचं टोक माझ्या डोक्याच्या खूप वर होतं. जूनमध्ये बर्फाचा पृष्ठभाग त्या टोकापाशी होता. म्हणजे मी जिथे उभी होते तिथे तीन महिन्यांपूर्वी बर्फाच्या पोटात असते. बर्फाची घनता पाण्याच्या नऊदशांश धरली तर इथल्या प्रत्येक चौरस मीटरवरून तीन हजार लिटरहून जास्त पाणी खाली गेलंय. ‘हिमनद्या वितळत आहेत’ हे वाक्य मी किती बॅचेसना लिहून दिलं असेल. त्या वाक्याला कधी उंची नव्हती.

दुसरी काठी खडीच्या जाड थरातली. तिचा आकडा 62 सेंटिमीटर. मला वाटलं चुकलं. नाही. धुळीचा थर दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा पातळ असेल तर तो ऊन शोषून बर्फ उलट जोरात वितळवतो. पण तोच थर जाड झाला की गोधडी होते, खालचा बर्फ झाकून राहतो. परवा जिला मी घाण म्हटलं ती तिची गोधडी होती.

अकरा काठ्या झाल्या. नववी सापडली नाही. आडवी पडून ओढ्यात गेली असावी. वहीत त्या ओळीत ‘नाही’ लिहिलं. गढवालची मुलगी म्हणाली, “मॅम, ‘नाही’ हासुद्धा डेटा आहे.” मला तिचा जरा राग आला. काठी जून महिन्यात तिनेच बसवली होती, तिला वाईट वाटलं असणार, हे मागाहून सुचलं.

दिवस अकरावा

रसद घेऊन जीप आली. इथली टपाल व्यवस्था सांगायलाच हवी. आपण व्हॉट्सॲपवर निरोप लिहून ठेवायचा. फोन ड्रायव्हरकडे द्यायचा. तो कोकसरला पोचला की नेटवर्क लागतं, निरोप सुटतात, आलेले आत येतात, आणि फोन पुढच्या खेपेला परत येतो. म्हणजे फोन प्रवासाला जातो आणि आपण घरी थांबतो.

रिंग ओट्याखालच्या निळ्या डब्यात आहे, हे मी लिहिलं.

दिवस बारावा

सकाळी खालच्या कुरणातून घंटांचा आवाज. गद्दी मेंढपाळ, तीन माणसं, दोन कुत्रे, मेंढ्या-बकऱ्या मोजता येणार नाहीत इतक्या. कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचे लोखंडी पट्टे, बिबट्याने मान धरू नये म्हणून. कांगडा-चंब्याहून उन्हाळ्यात वर येतात, आता उतरायला लागलेत. भाईजींनी त्यांना चहा पाजला. त्यातला म्हातारा आभाळाकडे न बघताच म्हणाला, “दो दिन में गिरेगी. हम तो चले.” आमच्या यंत्राच्या पडद्यावर वाऱ्याचा वेग, दाब, आर्द्रता सगळं होतं आणि त्यात असं काही दिसत नव्हतं.

मेंढ्या एका भल्यामोठ्या गोलसर खडकावर आणि भोवती टेकल्या होत्या. वरच्या अंगाने गुळगुळीत, खालच्या अंगाने तुटका, खडबडीत. बर्फ एका बाजूने चढताना घासून गेला आणि दुसऱ्या बाजूने उतरताना दगड उपटत गेला. मेषशिला. हा शब्द मी पोरांकडून पाठ करून घेते. एका मुलीने एकदा विचारलं होतं, “बाई, यात मेंढी कुठंय?” तेव्हा मी तिला बस म्हटलं होतं. आता अर्ध्या मेंढ्या शिलेवर होत्या, अर्ध्या शेजारी, आणि लांबून कुठली मेंढी कुठला दगड ते कळत नव्हतं. फोटो काढायला फोन कुठे होता? तो कोकसरला.

दिवस तेरावा आणि चौदावा

पडला.

पहाटे पत्र्यावरचा आवाज थांबल्याने जाग आली. आधी गारा होत्या, मग काहीच नाही. दार उघडेना. भाईजींनी खिडकीतून उडी मारून फावड्याने उघडलं. गुडघ्याच्या खालपर्यंत बर्फ. आणि पडतच होता.

दोन दिवस आतच. काम एकच, दर दोन तासांनी छपरावरचा बर्फ ओढणे. सिलिंडर गारठून ज्योत मेणबत्तीएवढी झाली, तेव्हा रॉकेलचा स्टोव्ह काढला. पत्ते खेळून झाले. केरळचा मुलगा कविता म्हणाला, अर्थ सांगायला नकार दिला. बॅटरी उतरली म्हणून दिवा साडेसातलाच बंद. अंधारात भाईजी 2018 च्या सप्टेंबरबद्दल बोलायला लागले. त्या वर्षी असाच अवेळी बर्फ आला आणि या खोऱ्यात शेकडो लोक अडकले. छत्रू-बातलकडच्या तंबूंमध्ये, गाड्यांमध्ये. त्यांना काढायला हेलिकॉप्टर लागलं. भाईजी हे भीती घालायला सांगत नव्हते. त्यांना त्या आठवणीतला डाळभात किती जणांना कसा पुरवला ते सांगायचं होतं. पण मी मनात दिवस मोजत होते. घट बसायला आठ. सात. झुल्याची तार गोठली तर. नाले. रस्ता.

मुलगा बारावीला आहे. त्याची सहामाही सुरू झाली असेल. माझा विषय त्याने घेतलेला नाही.

विद्यार्थी मात्र खूश होता. अंधारातून म्हणाला, “बाई, आज खर्च बंद.” ताजा बर्फ ऊन्हाचा ऐंशी-नव्वद टक्के भाग परतवतो, मळका बर्फ त्याच्या निम्माही नाही. वर ही पांढरी साल आली की खालचं वितळणं थांबतं. दोन दिवसांच्या बर्फाने सालाचा तोटा भरून निघत नाही, पण तोटा दोन दिवस वाढत नाही. “दुकान बंद ठेवलं म्हणजे धंदा सुधारला असं नाही रे,” मी म्हटलं. तो म्हणाला, “नाही. पण वही लिहिणाऱ्याला सुट्टी.”

दिवस पंधरावा

लख्ख ऊन. काळे चष्मे घातल्याशिवाय दारात उभं राहवत नाही.

आज सासऱ्यांची तिथी. निघताना सासूबाईंनी विचारलं होतं, “तिथे कावळा असेल ना?” तेव्हा हो म्हणून मोकळी झाले होते. कावळा अर्थातच नव्हता. पण एक पक्षी रोज खरकट्याभोवती घुटमळायचा. काळा कुळकुळीत, चोच हळदीसारखी पिवळी. कावळ्याच्याच कुळातला. म्हणजे चुलतभाऊ.

स्वयंपाकाची पाळी माझीच होती. भात, तूप, वरण, बटाट्याची भाजी. खीर दूधभुकटीची. एक घास दगडावर काढून ठेवला आणि मागे सरकले. पूर्ण मागे सरकायच्या आत घास गेला होता. दोन पक्षी अजून आले, तिघांत भांडण झालं. सासरे हयातीतही ताटावर कधी ताटकळले नाहीत. बाकीचे चौघे जण दारात गप्प उभे होते. कोणी काही विचारलं नाही. भाईजींनी टोपी काढली होती.

दिवस सोळावा

शेवटची मोजणी. आता प्रत्येक काठीपाशी दोन आकडे : ताज्या बर्फाची जाडी, आणि तो उकरून खालच्या जुन्या बर्फापर्यंतची उंची. नवव्या काठीच्या जागी नवं भोक पाडलं. बॉयलरचा आवाज भज्यांच्या गाडीवरच्या स्टोव्हसारखा येतो. मी नळी धरली होती. काठी आत सोडताना गढवालच्या मुलीने तिला वरून हलकेच थोपटलं, कोणी बघत नाही असं समजून.

संध्याकाळी ओढ्यापाशी बाटली भरली. काच धुतली, पुन्हा धुतली, पाणी राखाडी ते राखाडीच. हिमनदीचं तोंड तिथून शंभर पावलांवर होतं. आत निळा अंधार आणि टपटप. पांढऱ्या-निळ्या खडूतली निळी छटा तेवढी खरी निघाली.

दिवस सतरावा

उतरलो. झुला चालला. जीप आली. माझा फोन ड्रायव्हरच्या खिशात होता आणि त्यात घरचे एकेचाळीस निरोप. त्यातले बरेचसे नवऱ्याचे, एकाखाली एक : “रिंग कुठे आहे”, “रिंग मिळाली”, “नवीन आणली”, “जुनी निळ्या डब्यात होती म्हणतेस तर आता दोन झाल्या”, “बर्फाची बातमी पाहिली, कळव”, “कळव”, “कळव”.

कोकसरला तीन शब्द लिहिले आणि पाठवले.

मग ड्रायव्हरला म्हटलं, तांदीला जाऊन येऊ या का? संगमावर पाणी भरायचंय. कारण बाटलीत होती ती नुसती चंद्रा. भागा मिळाल्याशिवाय चंद्रभागा नाही. हा भेद सासूबाईंना मीच शिकवला होता. तो म्हणाला, “मॅडम, अंधेरा हो जाएगा. गाड़ी में लाइट एक ही है.” यावर बोलण्यासारखं काही उरत नव्हतं. बोगद्यात शिरलो.

दिवस अठरावा ते विसावा

मनाली, बस, दिल्ली, रेल्वे. भोपाळच्या पुढे हवेला ओलसर वास यायला लागला आणि मला उगाचच रडू आलं. समोरच्या बर्थवरच्या बाईंनी विचारलं, कोणी आजारी आहे का? मी म्हटलं, नाही, ऑक्सिजन वाढलाय. त्यांनी पर्स जवळ ओढून घेतली.

फलटणला पोचले ती सर्वपित्री अमावस्येची रात्र. सासूबाई जाग्या होत्या. घराचा वास वेगळा येत होता, वाईट नव्हता. फ्रिजवरची यादी तशीच होती, शेवटी मुलाच्या अक्षरात एक ओळ वाढलेली : ‘१७. आईला फोन लागत नाही.’

घटाची काळी माती सासूबाईंनी चाळून परातीत ठेवली होती. मी मोज्यातून बाटली काढली. तीन दिवसांच्या प्रवासात हलून-हलून ढवळली होती, ती त्यांनी देवघरासमोर ठेवली. सकाळी उठून पाहिलं तर वरचं पाणी निवळलं होतं आणि तळाला करंगळीएवढा राखाडी थर.

“आई, ही चंद्रभागा नाही,” मी सांगून टाकलं. “नुसती चंद्रा आहे. संगमापर्यंत जाता आलं नाही.”

“पुढे जाऊन झालीच असती ना?”

“हो.”

त्यांनी बाटली उजेडात धरली. “हे खाली काय बसलंय?”

“दगड.”

“असा?”

“बर्फ डोंगरावरून सरकत येतो. येताना खालचा दगड घासतो. वर्षानुवर्षं. त्याचं हे होतं.”

“जातंच म्हण की,” सासूबाई म्हणाल्या. “मग हे पीठ झालं.”

परातीत धान्य पेरून झालं होतं, मधोमध कलश होता. त्यांनी झाकण काढलं आणि बाटली मातीवर कडेकडेने पालथी केली. पाणी मुरलं. तळाचा थर काचेला धरून राहिला, तर त्यात फुलपात्रातलं थोडं पाणी घातलं, अंगठा लावून बाटली खळखळली, आणि तेही सगळं मातीत ओतलं.